हातातलं काम आणि मनातलं माणूस

१९६६ साली तोक्योतल्या एका मध्यमवर्गीय घरात अननस येतो. डब्यातल्या गोल चकत्या सगळ्यांनी खाल्लेल्या असतात, पण डोक्यावर काटेरी तुरा असलेला अख्खा अननस या घराने पाहिलेला नसतो. कापायचा कसा हेच कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे तो नुसता ठेवून दिला जातो. पुढे थोरली बहीण कुठूनशी माहिती काढून येते, चाकू चालतो आणि आजीसकट सगळं घर भोवती बसतं. पहिला घास घेतला जातो. कुणी काही बोलत नाही. मग एकेक बशी बाजूला सरकते आणि केळंच बरं असा निकाल लागतो. पाचवीतली तायेको तेवढी हट्टाने चावत राहते, बहिणींनी नको म्हटलेल्या फोडीसुद्धा.

इसाओ ताकाहाता यांच्या १९९१ सालच्या 'ओन्ली यस्टरडे' या चित्रपटातला हा प्रसंग. कथा त्याने इंचभरही पुढे सरकत नाही. पण तासाभराने सत्तावीस वर्षांची तायेको एका माणसाविषयी आपल्याला काय वाटतं हे स्वतःशीही कबूल करायला तयार नसते, तेव्हा ती अशी का आहे हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. ज्या गोष्टीची एवढी वाट पाहिली ती बेचव निघाली, हे सगळ्यांच्या आधी मान्य करायला नकार देणारी ती मुलगी आपण पाहिलेली असते.

ॲनिमे म्हटलं की आपल्याकडे अजूनही तलवारी, राक्षस आणि आकाशातून कोसळणारे रोबो डोळ्यांपुढे येतात. त्याच माध्यमात रोजच्या जगण्यातल्या प्रेमकथांची एक लांबलचक परंपरा आहे. तिथे कुणी जग वाचवत नाही. भांडी घासली जातात, परीक्षा नापास होतात, आगगाड्या चुकतात, आणि या सगळ्याच्या फटीतून कुणाला तरी कुणी तरी आवडू लागतं. या कथांमधली माणसं इतकी ओळखीची का वाटतात, याचं ठरलेलं उत्तर 'भावना खऱ्या असतात' असं दिलं जातं. ते मला अपुरं वाटतं. भावना कुठल्याही रडक्या मालिकेत खऱ्या असू शकतात. या कथांमधल्या उत्तम कथांचं वेगळेपण असं, की त्यांतल्या माणसांच्या हाताला काम असतं. प्रेमात पडण्याआधी ती काही तरी करत असतात, पडल्यावरही त्यांना ते करावंच लागतं, आणि त्यांचा स्वभाव आपल्याला त्या करण्यातून कळतो.

तायेकोचंच पाहू. साल १९८२. ती तोक्योत एका कचेरीत नोकरी करते. दहा दिवसांची रजा मागते तेव्हा साहेबाचा पहिला तर्क असतो, प्रेमभंग वगैरे झाला की काय. सत्तावीस वर्षांची अविवाहित बाई म्हणजे त्या काळच्या जपानमध्ये वय उलटून गेलेली. नोकरीतल्या समान संधीचा कायदा तिथे १९८५ मध्ये मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधी तायेकोसारख्या मुलीने काही वर्षं कारकुनी करावी, मग लग्न करून घरी बसावं, अशीच सर्वसाधारण अपेक्षा होती. तिची कचेरी चित्रपटात जेमतेम काही क्षण दिसते. त्या कामात तिचं काहीच गुंतलेलं नाही, हे दाखवायला ताकाहातांना तेवढे क्षण पुरतात.

ती जाते यामागाताला, थोरल्या बहिणीच्या सासरच्या माणसांकडे. मजा करायला नाही, शेतात राबायला. हंगाम असतो बेनिबाना या फुलाचा. बेनिबाना म्हणजे आपली करडई. सोलापूर आणि मराठवाड्याच्या रब्बीतलं पीक आपण तेलासाठी घेतो आणि कोवळ्या पानांची भाजी करतो. यामागातात त्याच झाडाच्या पाकळ्यांपासून लाल रंग काढतात. काट्यांचा जाच मात्र दोन्हीकडे सारखा. आपल्याकडे करडईची काढणी भल्या सकाळी, हवेत ओल असताना करतात, कारण ऊन चढलं की काटे कडक होतात. तायेकोही त्याच कारणासाठी पहाटे, दव असताना शेतात उतरते. खुडलेल्या पाकळ्या धुवायच्या, तुडवायच्या, आंबवायच्या, कुटून चपट्या वड्या करायच्या आणि वाळवायच्या. पिवळा रंग पाण्याबरोबर निघून जातो आणि लाल राहतो. चित्रपट हे सगळं थांबून, नीट दाखवतो. उघड्या हातांनी ही फुलं खुडणाऱ्या मुलींच्या स्वतःच्या ओठांना तो लाल रंग जन्मात लागला नाही, हेही तायेको सांगते. रंग जायचा शहरातल्या श्रीमंत बायकांकडे.

याच शेतांच्या आसपास तोशिओ भेटतो. कंपनीतली नोकरी सोडून रसायनांविना शेती करू पाहणारा, जुनाट छोट्या गाडीत हंगेरीचं लोकसंगीत लावणारा मुलगा. त्यांच्यातलं सगळ्यात महत्त्वाचं संभाषण प्रेमाविषयी नाही. तायेको भोवतालच्या निसर्गावर खूश असते. तोशिओ तिला सांगतो की हे रान, हा ओढा, ही झाडी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निसर्गाशी झगडत आणि त्याच्याकडून घेत घडवली आहे. ती माणसाच्या हातची आहे. तायेकोला त्या क्षणी एक माणूस दिसतो, ज्याला आपण काय करतो आणि का करतो हे माहीत आहे. तिच्याकडे नेमकं तेच नाही. मला विचाराल तर ती प्रेमात पडते ती तिथे. चित्रपट तसं म्हणत नाही, संगीतही वर चढत नाही.

ही खोली नुसत्या पटकथेतून आलेली नाही. मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, होतारू ओकामोतो आणि युको तोने यांची, आणि तिच्यात फक्त पाचवीतली तायेको आहे. मोठ्या तायेकोचा सगळा भाग ताकाहातांनी रचला. तो करताना त्यांनी जपानी ॲनिमेशनची नेहमीची रीत उलटवली. तिथे बहुधा चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर बसवले जातात. इथे मोठ्यांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले गेले आणि नटांच्या बोलण्या-हसण्याबरोबर गाल कसे हलतात ते पाहून चेहरे काढले गेले. म्हणून तायेको हसते तेव्हा तिच्या गालांवर स्नायूंच्या रेषा उमटतात. त्या रेषा काही प्रेक्षकांना खटकतात, चेहरा थोराड दिसतो असं त्यांना वाटतं. मला त्या या चित्रपटाचा प्राण वाटतात. गुळगुळीत, वयहीन चेहऱ्यांच्या जगात एका नायिकेला तिचं खरं वय दिलं गेलं. बालपणाच्या प्रसंगांत पार्श्वभूमी फिकट आहे, कडांशी कोऱ्या कागदात विरणारी. वर्तमानात मात्र पान अन् पान रंगवलेलं आहे. हे काम कला दिग्दर्शक काझुओ ओगा यांचं.

आणि मग आबेची गोष्ट. गावातली आजी एका संध्याकाळी सरळ विचारते, तोशिओची बायको होऊन इथेच राहशील का? तायेको घराबाहेर पळते. पावसात तोशिओच्या गाडीत बसून ती अचानक एका वर्गमित्राविषयी बोलू लागते. आबे गरीब होता, मळका असायचा, वर्गात तिच्या शेजारी बसायचा. बाकीची मुलं त्याच्याविषयी उघड कुजबुजायची; तिने तसं कधी केलं नाही. शाळा सोडून जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला, तिच्याशी मात्र मिळवला नाही. तिने इतकी वर्षं याचा अर्थ एकच लावला आहे: सगळ्यात जास्त किळस मलाच वाटत होती, मी फक्त चांगुलपणाचं सोंग करत होते, आणि त्याला ते कळलं होतं. गावाविषयीचं आपलं प्रेमही तसलंच, दहा दिवसांच्या पाहुणीचं, असं तिला वाटतं. तोशिओ दुसरा अर्थ सुचवतो: आबेला फक्त तिच्याशीच मनासारखं वागता आलं असेल. यातला खरा अर्थ कोणता हे चित्रपट ठरवत नाही. लग्नाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक बाई आपल्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग सांगते, याहून मोठी जवळीक पडद्यावर मी क्वचितच पाहिली आहे.

शेवटावर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. परतीच्या गाडीत बसलेली तायेको श्रेयनामावली सुरू असताना उतरते आणि मागे फिरते. म्हणजे शहरातल्या एकट्या बाईची मुक्ती अखेर शेतकऱ्याची सून होण्यातच का? प्रश्न रास्त आहे आणि तो हलका करू नये. पण आपण हातांत माती घेऊन खेळलो, खऱ्या कष्टांची तयारी आपल्याकडे नाही, हा आक्षेप खुद्द तायेकोने आधीच स्वतःवर घेतलेला आहे. ती परत फिरते ती हे कळल्यानंतर. सुखाची हमी चित्रपट देत नाही. तिने पहिल्यांदा स्वतः काही तरी निवडलं, एवढंच तो दाखवतो.

तायेकोचा चेहरा घडवणाऱ्या चित्रकाराचं नाव योशिफुमी कोंदो. पात्ररचना त्यांची होती. रस्त्यावर, गाडीत दिसणाऱ्या साध्या माणसांची रेखाटनं ते सतत करत, आणि पुढे ती पुस्तकरूपानेही आली. १९९५ मध्ये स्टुडिओ घिबलीने त्यांना पहिला चित्रपट दिला, 'व्हिस्पर ऑफ द हार्ट'. पटकथा हायाओ मियाझाकी यांची, मूळ मंगा आओइ हिइरागी यांची. १९९८ च्या जानेवारीत कोंदो गेले, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकच चित्रपट.

कथा घडते पश्चिम तोक्योतल्या तामाच्या टेकड्यांवर, सेइसेकी-साकुरागाओका स्थानकाच्या परिसरात. चित्रपटातला वळणाचा चढ आणि वरचा गोल चौक पाहायला आजही लोक जातात, आणि स्थानकावर गाडी येताना चित्रपटातल्या 'कंट्री रोड्स' या गाण्याची धून वाजते. पण मला या चित्रपटातलं खरं स्थळ वाटतं ते शिझुकुचं घर. सरकारी वसाहतीतल्या त्या दाटीच्या घरात पुस्तकांचे ढीग आहेत, आणि दोन बहिणींत एक खोली वाटलेली आहे. वडील ग्रंथालयात काम करतात. आई या वयात पुन्हा विद्यापीठात शिकते आहे, घाईत निघते आणि काही तरी विसरून परत येते. कॉलेजातली थोरली बहीण शिहो घर चालवल्याच्या थाटात हुकूम सोडते. तांदूळ धुण्यावरून, चादरी बदलण्यावरून कुरबुरी होतात. चौदा वर्षांच्या शिझुकुचं हे माध्यमिक शाळेचं शेवटचं, प्रवेशपरीक्षेचं वर्ष आहे, आणि ती मात्र ग्रंथालयातल्या कथांमध्ये बुडालेली. पुस्तकांच्या कार्डांवर तिच्या आधी एक नाव पुन्हा पुन्हा दिसतं: सेइजी आमासावा.

इथवर ही गोड गोष्ट आहे. ती गुंतागुंतीची होते एका देवळाच्या आवारात. शिझुकुची मैत्रीण युको हिला सुगिमुरा आवडतो. सुगिमुराला त्याचा पत्ताच नाही; उलट तो दुसऱ्या मुलाच्या पत्राचं उत्तर तिच्याकडे मागतो. युको रडत पळते. शिझुकु त्याला गाठून फटकारते, एवढं साधं कळत नाही का? आणि सुगिमुरा सांगतो की त्याला शिझुकुच आवडते, पहिल्यापासून. ज्या आंधळेपणासाठी तिने त्याला बोल लावले तो तिच्यातही होता. ती नकार देते, अडखळत आणि वाईट पद्धतीने, जशी कुणीही चौदा वर्षांची मुलगी देईल. या प्रसंगात कुणाचीही चूक नाही आणि तिघंही दुखावतात. चित्रपट त्यावर पुढे एक शब्द बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत सुगिमुराशी नजर मिळवायची आहे, हे ओझं शिझुकुसोबत आपणही वाहतो.

सेइजी निघतो व्हायोलिन घडवणारा. इटलीतल्या क्रेमोनाला जाऊन उस्तादाच्या हाताखाली दोन महिने स्वतःला अजमावायचं, असा त्याचा बेत. मूळ मंगात तो चित्रकार आहे. व्हायोलिनचा बदल चित्रपटाने केला, आणि तो मोठा शहाणपणाचा ठरला, कारण लाकूड तासणाऱ्या हाताचं कसब डोळ्यांना दिसतं. आपल्यासारखाच शाळकरी मुलगा ज्या पट्टीवर स्वतःला मोजतो, तशी पट्टीच आपल्याकडे नाही, हे शिझुकुच्या लक्षात येतं. इथे प्रेमाचा अर्थ मत्सर, आदर आणि भीती असा एकत्र होतो. ती त्याच्यासाठी झुरत खिडकीत बसत नाही. एक कथा लिहून पुरी करायची असं ठरवते. गुण घसरतात, घरात बैठक बसते. वडील तिला लिहायची मोकळीक देतात आणि हेही सांगतात की इतरांहून वेगळी वाट धरली की परिणामांसाठी दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही. पहिला वाचक सेइजीचे आजोबा. कथा ओबडधोबड आहे, हे त्यांनी म्हणायच्या आधीच तिला माहीत असतं. ती रडते. ते तिला गरम उदोन नूडल्स खाऊ घालतात. लिहिणाऱ्या कुणालाही तो वाडगा विसरता येणार नाही.

शेवटच्या पहाटे सेइजी तिला लग्नाचं विचारतो, तिथे मात्र चित्रपट माझ्या हातून निसटतो. इतकी सावकाश उमललेली दोन मुलं, आणि एका वाक्यात जन्माचा करार! तोवर मोकळं असलेलं काही तरी तिथे बंद होतं.

या परंपरेचा आरंभ घिबलीपाशी नाही. रुमिको ताकाहाशी यांची 'मेझोन इक्कोकु' ही मंगा १९८० ते १९८७ छापली जात होती, आणि तिच्यावरची ९६ भागांची मालिका १९८६ ते १९८८ या काळात दूरचित्रवाणीवर आली. प्रवेशपरीक्षेत नापास झालेला गोदाइ, त्याच्या भाड्याच्या घराची व्यवस्था पाहणारी तरुण विधवा क्योको, आणि तिच्या मृत नवऱ्याचं नाव मिळालेला कुत्रा. गोदाइ कुणी नामांकित होत नाही, बालवाडीचा शिक्षक होतो. मोठ्या बायकांसाठी निघणाऱ्या मासिकांनी पुढे हा सूर जोपासला, आणि त्यांत लिहिणाऱ्याही बहुतांशी बायकाच होत्या.

त्यांतल्या चिका उमिनो यांची 'हनी अँड क्लोव्हर' मला सगळ्यांत जवळची. २००५ च्या एप्रिलमध्ये फुजी टीव्हीने गुरुवारी रात्री उशिरा, मुख्यतः तरुण स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून ॲनिमेची नवी वेळ सुरू केली, तिची पहिली मालिका हीच. तोक्योतलं कलामहाविद्यालय, जुनाट खोल्या, कायम भुकेले विद्यार्थी. यामादा कुंभारकाम शिकते. बापाचं दारूचं दुकान आहे. तिला मायामा आवडतो. मायामाला आवडते रिका, नवरा अपघातात गमावलेली, वयाने मोठी, अपंगत्व घेऊन एकटीने काम ओढणारी वास्तुरचनाकार. मायामा यामादाला कधी खोटी आशा दाखवत नाही. तिला तोडूनही टाकत नाही, आणि तिच्या आसपास दुसरा पुरुष दिसला की अस्वस्थ होतो. एका रात्री प्यायलेल्या यामादाला तो पाठीवर घेऊन चालतो. ती त्याला पुन्हा पुन्हा सांगते की तू मला आवडतोस, आणि तो फक्त हुंकार देतो. त्या हुंकारात नकारही आहे आणि ऋणही.

मायामा सरळ माणूस नाही. रिकाच्या वस्तू जमवणं, तिच्या मागावर राहणं, हे त्याचं वागणं आजच्या नजरेला प्रेमाऐवजी पाठलागच वाटेल, आणि मालिका कधी कधी त्यावर हसून पुढे जाते. ते मला पटत नाही. पण यामादाच्या बाबतीत ती अढळ राहते. यामादा सुंदर आहे, कर्तबगार आहे. बाजारपेठेतले तरुण दुकानदार तिला मागणी घालायला रांग लावतात. आणि ज्याने आपल्याला निवडलं नाही त्याच्यावरून तिचं मन हलत नाही. ती चाकावर माती चढवते, भट्टी लावते, रडते, परत चाकावर बसते. दुःख हा तिचा व्यवसाय होत नाही, कारण तिला व्यवसाय आहे.

याच मालिकेतल्या ताकेमोतोला नेमकं उलटं दुखणं. त्याला हागुमी आवडते, जिच्या हातात असामान्य चित्रकला आहे. स्वतःला काय करायचं हे त्याला कळत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तो मनोरा रचतो आणि स्वतःच फोडतो. मग सायकल काढून उत्तरेला सुटतो, थेट होक्काइदोच्या वाक्कानाइपर्यंत. वाटेत त्याला जुनी मंदिरं दुरुस्त करणारे कारागीर भेटतात, तो त्यांच्यात राबतो आणि शिक्षण संपवून त्यांच्याकडेच कामाला जातो. हागुमी त्याची होत नाही. वाया गेलेल्या प्रेमाला काही अर्थ असतो का, असा प्रश्न मालिका उघड विचारते, आणि उत्तरादाखल त्याला लाकडावर रंधा मारायला लावते.

'तोरादोरा' शाळकरी कथा आहे, पंचवीस भागांची, २००८-०९ सालची. तिच्यातलं स्वयंपाकघर विसरता येत नाही. चेहऱ्याने गुंड दिसणारा र्‍युजी घरात बुरशीच्या एका ठिपक्यानेही बेचैन होतो. आई रात्री बारमध्ये गिऱ्हाइकांची सरबराई करते. घर तो चालवतो. शेजारी उंच इमारत झाली आणि त्याच्या घरातलं ऊन गेलं. त्याच इमारतीत बापाने पैसे देऊन वेगळी ठेवलेली तायगा एकटी राहते. तिला भात शिजवता येत नाही. एका भिंतीपलीकडची श्रीमंती सूर्यप्रकाश अडवते आणि तिथली मुलगी जेवायला गरिबाच्या घरी येते, यावर कुणी भाषण करत नाही. आईने रात्रीची नोकरी करून मुलाला कॉलेजात घालायचं की मुलाने शिक्षण सोडून कमवायचं, हे भांडण मालिकेच्या शेवटाकडे येतं, आणि माझ्या मते तेच तिचं खरं भांडण आहे.

अशा रोजच्या जगण्यातले हात, पाय, चालणं, बसणं हे काढायला ॲनिमेशनमध्ये फार अवघड. स्फोट काढला की चूक लपते. माणूस जिना उतरताना चुकला की लगेच कळतं. नाओको यामादा या दिग्दर्शिकेने या अवघड गोष्टीचंच शास्त्र केलं. त्यांच्या २०१४ च्या 'तामाको लव्ह स्टोरी'त क्योतोतल्या बाजारगल्लीत समोरासमोर दोन मोचीची दुकानं आहेत, एक तामाकोच्या घरचं, दुसरं मोचिझोच्या. तिची आई लहानपणीच गेलेली. कुटलेल्या चिकट भाताचा गोळा वळणं हे तिच्यासाठी काम आहे आणि आईची आठवणही. मोचिझो चित्रपट शिकायला तोक्योला जाणार असतो. कामो नदीतल्या दगडांवर उभा राहून तो मनातलं बोलतो, आणि तामाकोची रोजची चाल बिघडते. मोची वळणारे हात अडखळतात, पाय भलतीकडे पडतात. संवादांतून जे सांगितलं असतं तर गुळमट झालं असतं, ते सगळं तिच्या शरीराच्या गोंधळात आहे.

हा चित्रपट क्योतो ॲनिमेशनचा. बाकी धंद्यात चित्रामागे मोजून पैसे मिळत असताना या संस्थेने चित्रकारांना पगारी नोकरीत ठेवलं, घरातच शिकवलं. १८ जुलै २०१९ रोजी तिच्या क्योतोतल्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. 'ह्योका' या संथ, लाजऱ्या मालिकेचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो त्यात गेले. त्याच मालिकेतल्या पात्रांना चेहरे देणारे फुतोशी निशिया गेले. 'अ सायलेंट व्हॉइस' या चित्रपटातले चेहरेही त्यांचेच. मान वळवण्याची, डोळे खाली करण्याची जी ढब आपण पात्राचा स्वभाव म्हणून लक्षात ठेवतो, ती कुणाच्या तरी बोटांत होती. त्या सकाळी ती कायमची गेली.

या प्रकारातलं सगळंच असं नाही, हेही सांगायला हवं. ढिगाने निघणाऱ्या मालिकांमध्ये आईबाप सोयीने परदेशी असतात, मुलगी फक्त गोड असते, आणि उन्हाळी आतषबाजी, शाळेचा उत्सव, समुद्रकिनारा हे ठरल्या क्रमाने येतात. बारा भाग एका कबुलीची वाट पाहण्यात जातात आणि कबुली झाली की गोष्ट संपते. खरं तर तिथून सुरू व्हायला हवी. तशा मालिका पाहून या प्रकाराला नाकं मुरडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या हाती चुकीची मालिका लागली.

घिबलीचे चित्रपट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवरून भारतात पोहोचले. 'ओन्ली यस्टरडे' फेब्रुवारीत आला, 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' १ एप्रिलला. टाळेबंदीला तेव्हा आठवडा झाला होता. महाराष्ट्रातले दहावीचे विद्यार्थी भूगोलाचा शेवटचा पेपर राहून गेलेल्या अवस्थेत घरात अडकले होते, आणि तो पेपर पुढे रद्दच झाला. शिझुकुच्याच आसपासच्या वयाची, परीक्षेच्या वर्षातली, एका खोलीत भावंडांबरोबर कोंडलेली ती मुलं. तिची बहीण तिला कामं सांगते ते पाहून कुठल्या मराठी घरातलं पोर हसलं नसेल?

अलीकडची जी मालिका या वाटेवर सगळ्यांत पुढे गेली असं मला वाटतं, ती २०२३ ची 'स्किप अँड लोफर'. मिसाकी ताकामात्सु यांच्या मंगावरची, कोतोमी देआइ यांनी दिग्दर्शित केलेली. तिची नायिका मित्सुमी इशिकावा प्रांतातल्या नोतो द्वीपकल्पाच्या टोकावरच्या छोट्या गावातून तोक्योच्या नामांकित शाळेत येते. बेत पक्का: पहिला नंबर, तोक्यो विद्यापीठ, सरकारी अधिकारी, आणि मग ओस पडत चाललेल्या आपल्या गावासाठी काम. पहिल्याच दिवशी गाडी चुकते, आणि नव्या विद्यार्थ्यांच्या वतीने करायचं भाषण नीट पार पडल्यावर ती शिक्षकांच्या अंगावर ओकते. तोक्योत ती राहते नाओकडे. नाओ म्हणजे वडिलांचं भावंड, पुरुष म्हणून जन्मलेली आणि स्त्री म्हणून जगणारी. मालिकेतली सगळ्यांत शहाणी मोठी व्यक्ती.

रस्ता चुकलेल्या मित्सुमीला शाळेपर्यंत नेतो शिमा. देखणा, सगळ्यांशी गोड, लहानपणी नट होता. स्वतःला काय हवं हे तो कधी सांगत नाही, कारण लहानपणापासून त्याने दुसऱ्यांना हवं तेच केलं आहे. पण माझं मन जडलं ते मिकावर. ती मित्सुमीशी मैत्री करते ती शिमाजवळ जाता यावं म्हणून. एकेकाळी जाड म्हणून हिणवली गेलेली, आता दिसण्यावर अपार कष्ट घेणारी, आणि जिला हे सगळं न करताच लोकांची माया मिळते त्या मित्सुमीवर जळणारी. मित्सुमी तिच्याकडेच व्हॉलीबॉल शिकायला जाते. मिका शिकवते, वैतागते आणि आपल्या मनातला क्षुद्रपणा तिला स्वतःलाच स्पष्ट दिसतो. दुसऱ्या मालिकेत ती खलनायिका झाली असती. इथे तिला तिच्या कष्टांचं श्रेय मिळतं.

ही मालिका बनवणारा पी. ए. वर्क्स हा स्टुडिओ इशिकावाच्या शेजारच्या तोयामा प्रांतातला. १ जानेवारी २०२४ रोजी नोतोला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि द्वीपकल्पाच्या टोकावरच्या सुझू शहराची फार मोठी हानी झाली. वस्ती तिथे आधीच आटत होती. म्हातारी माणसं उरली होती. मित्सुमीने पंधराव्या वर्षी वहीत लिहिलेला बेत आता तिथल्या खऱ्या मुलांपुढचा प्रश्न आहे: शिकून परत जायचं का, आणि जाऊन करायचं काय? मित्सुमीचं उत्तर तयार आहे. म्हणून शिमाची अडचण नेहमीच्या नायकापेक्षा वेगळी आहे. मित्सुमी आवडते हे कबूल करणं त्यातला सोपा भाग. ती परत जाणार आहे, आणि त्या गावात आपल्या हातांचा काय उपयोग होईल हे त्याला अजून शोधायचं आहे.